पन्नास पौंडांचा कॅमेरा, सात किलोंची मुभा

राळेगाव तालुक्यानं बाहेरून येणारे कॅमेरे पुष्कळ पाहिले आहेत. टी-१ वाघीण, जिला पुढं सगळे अवनी म्हणू लागले, तिच्या शोधात वनखात्यानं इथल्या जंगलात कॅमेरा ट्रॅप लावले. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीजवळ ती मारली गेली आणि इथल्या जंगलाची बातमी परदेशी वर्तमानपत्रांपर्यंत गेली. त्याआधी कापूस आणि शेतकरी आत्महत्या या विषयांवर माहितीपट करणारे येऊन गेले होते. मिका पेलेड या दिग्दर्शकाचा २०११ चा ‘बिटर सीड्स’ यवतमाळ जिल्ह्यातल्याच एका गावात घडतो. कॅमेरा बाहेरच्यांचा आणि त्याच्यासमोरचा माणूस आपला, अशी ही जुनी रीत.

ती आता हळूहळू बदलते आहे. लग्नसराईत शूटिंग करणाऱ्या मुलांकडं आज मिररलेस कॅमेरे आहेत, जिंबल आहेत, कुणाकडं ड्रोनही आहे. दर्जा असा, की पंचवीस वर्षांपूर्वी मुंबईच्या वाहिन्यांनीही त्याचा हेवा केला असता. यातल्या एखाद्याला दुबईतलं लग्न मिळतं, कुणाला नेदरलँड्समध्ये शिकणारा मित्र माहितीपटासाठी बोलावतो. काम आलं की पहिला प्रश्न तिकिटाचा वाटतो. पण तिकिटाची रक्कम आधीच कळते, त्यामुळं तिची तजवीज करता येते. कमी पैशात निघालेल्या माणसाला बुडवतो तो अडलेल्या सामानाचा खर्च: विमानतळावर भरावं लागलेलं जादा वजनाचं शुल्क, कस्टमनं मागितलेली जकात, सुरक्षा तपासणीत काढून घेतलेली बॅटरी. तेव्हा निघण्याआधी ठरवायचं ते इतकंच की कोणती वस्तू स्वतः न्यायची, कोणती तिथं मिळवायची आणि कोणत्या वस्तूशिवाय भागवायचं.

हा हिशेब मराठी माणसानं पहिल्यांदा मांडला तो १९१२ साली, आणि फार काटेकोर मांडला.

धुंडिराज गोविंद फाळके तेव्हा चाळिशी ओलांडलेले होते. गिरगावातल्या अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिल्यापासून त्यांच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. त्यांनी मिळेल ती पुस्तकं आणि यंत्रांच्या किंमतयाद्या गोळा केल्या, एक छोटा स्वस्तातला कॅमेरा घेऊन घरी प्रयोग केले, आणि डोळ्यांवर इतका ताण घेतला की काही काळ दिसेनासं झालं. पुढं काय घ्यायचं हे नक्की झाल्यावर त्यांनी आयुर्विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून कर्ज काढलं आणि १ फेब्रुवारी १९१२ ला लंडनची बोट धरली.

लंडनमध्ये त्यांची कुणाशी ओळख नव्हती. ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाचे मात्र ते वर्गणीदार होते. पिकॅडिलीत त्या साप्ताहिकाची पाटी दिसली तसे ते सरळ आत गेले आणि संपादक कॅबर्न यांना भेटले. कॅबर्न यांनी आधी त्यांना परावृत्त करायचा प्रयत्न केला, कारण इंग्लंडमध्येच कितीतरी निर्माते बुडत होते. समोरचा माणूस मागं हटत नाही हे पाहिल्यावर मात्र त्यांनी त्याला वॉल्टनच्या स्टुडिओत सेसिल हेपवर्थ यांच्याकडं नेलं. हेपवर्थ यांनी सगळे विभाग खुले करून दाखवले. फाळके तिथं जेमतेम दोन आठवडे राहिले. त्यांनी जाणकारांच्या सल्ल्यानं पन्नास पौंडांना विल्यमसन कॅमेरा घेतला, कोडॅकची कच्ची फिल्म आणि फिल्मला भोकं पाडणारं यंत्र, म्हणजे परफोरेटर, यांची मागणी नोंदवली, आणि १ एप्रिलला ते मुंबईत परत आले.

या खरेदीकडं आज पुन्हा बारकाईनं पाहावंसं वाटतं. कॅमेरा हाती घ्यावाच लागणार होता, कारण तसा इथं मिळत नव्हता आणि न तपासता मागवणं धोक्याचं होतं. फिल्म नंतर येऊ शकत होती, ती मे महिन्यात आली. ती बिनभोकांची यायची, म्हणून परफोरेटर लागला, आणि अंधारात बसून रिळामागून रिळं भोकं पाडण्याचं काम सरस्वतीबाई फाळके यांनी केलं. धुलाईची रसायनंही घरीच कालवली गेली. दिव्यांवर त्यांनी पैसा घातला नाही, दादरला ऊन भरपूर होतं. परदेशातून आणली ती फक्त अशी वस्तू, जिला इथं पर्याय नव्हता. बाकी सगळं माणसांच्या कष्टावर आणि सूर्यावर सोडलं. त्यानंतरही भांडवल हवं होतंच, म्हणून त्यांनी वाटाण्याचं रोप उगवून वर येतानाचं चित्रण करून दाखवलं आणि कर्ज मिळवलं. ३ मे १९१३ ला ‘राजा हरिश्चंद्र’ कोरोनेशनला लागला. परेश मोकाशी यांच्या ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’नं ही धडपड पडद्यावर आणली, पण त्या दोन महिन्यांच्या प्रवासातली हिशेबाची शिस्त मला त्या साऱ्या गोष्टीतला सर्वांत थोर भाग वाटते.

त्यांच्या आधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावे दादांनी इंग्लंडच्या रायली ब्रदर्सकडून एकवीस गिनींना कॅमेरा मागवला होता. हँगिंग गार्डनवरची पुंडलिक दादा आणि कृष्णा न्हावी यांची कुस्ती त्यांनी चित्रित केली, पण ती फिल्म धुण्यासाठी बोटीनं लंडनला पाठवावी लागली. कॅमेरा इथं, प्रयोगशाळा सातासमुद्रापार. अशा कामात प्रत्येक चित्रीकरणाला प्रवासभाडं पडतं. फाळक्यांनी धुलाईची व्यवस्था घरात आणली ती याचसाठी. कोल्हापूरला बाबूराव पेंटरांनी तर कॅमेराच आपल्या कारखान्यात घडवला. उलट, १९३३ च्या ‘सैरंध्री’ला रंग हवा होता आणि तो प्रभातला इथं काढता येत नव्हता, म्हणून व्ही. शांताराम यांना जर्मनी गाठावी लागली. जे घरात होत नाही तेवढ्यासाठीच समुद्र ओलांडायचा, हे सगळ्यांनी पाळलं.

आता आजच्या बॅगेकडं येऊ.

परदेशात कॅमेरा नेणं म्हणजे कस्टमच्या दृष्टीनं माल आयात करणंच असतं. तुम्ही तो विकायला आणलेला नाही, काम करून परत नेणार आहात, हे सिद्ध करण्याची जबाबदारी तुमची. यासाठी १९६१ च्या ब्रुसेल्स करारातून एक कागद जन्माला आला: एटीए कार्नेट. याला मालाचा पासपोर्ट म्हणतात आणि ते वर्णन चपखल आहे. सुमारे ऐंशी देश तो मानतात. भारतात फिक्की ही संस्था तो देते. त्यात प्रत्येक वस्तूचं नाव, अनुक्रमांक, वजन, किंमत, कुठं बनली ते लिहायचं आणि जकातीपोटी हमी द्यायची. मुदत जास्तीत जास्त एक वर्षाची. आत रंगीत पानं असतात: मायदेशातून निघताना आणि परतताना पिवळं, परदेशात शिरताना आणि तिथून बाहेर पडताना पांढरं, नुसतं एखाद्या देशातून पुढं जायचं असेल तर निळं. प्रत्येक टप्प्यावर शिक्का घ्यायचा.

पांढऱ्या पानाचा दुसरा शिक्का, म्हणजे परदेशातून बाहेर पडतानाचा, हा लोक हमखास विसरतात. पहाटेचं विमान, रांग लांब, कस्टमचं टेबल दुसऱ्या मजल्यावर. शिक्का नसेल तर त्या देशाच्या दप्तरी तुमचा कॅमेरा अजून तिथंच आहे. मग काही महिन्यांनी जकातीची मागणी येते आणि ती तुमच्या हमीतून वळती होते. कमी पैशात निघालेल्या माणसाला हा फटका तिकिटापेक्षा मोठा बसू शकतो. दुसरी अडचण अशी की एकदा कार्नेट निघाल्यावर यादीत नवी वस्तू घालता येत नाही. आणि वापरून संपणारं सामान, जसं टेप, जेल किंवा कच्ची फिल्म, यादीत बसत नाही, कारण ते परत येणारच नसतं.

मग राळेगावच्या मुलानं एक कॅमेरा, दोन लेन्स आणि एक माइक घेऊन निघताना कार्नेट काढावं का? माझं मत असं की बहुतेक वेळा नाही. हमी आणि शुल्क मिळून तो खर्च छोट्या सामानाला परवडत नाही. पाठीवरच्या एका पिशवीत मावेल इतकं सामान प्रवाशानं सोबत आणलं, तर काही देशांत तात्पुरत्या आयातीची तोंडी घोषणा पुरते. हा नियम देशादेशात बदलतो, म्हणून जायच्या देशाच्या कस्टम खात्याच्या संकेतस्थळावर आधी नीट वाचावं, आणि मिळालेलं पान छापून सोबत ठेवावं. सामान पेट्यांमध्ये भरावं लागत असेल, किंमत मोठी असेल, दोन-तीन देश करायचे असतील, तर मात्र कार्नेटचा खर्च टाळू नये.

भारतातून निघताना मात्र एक काम फुकट होतं आणि तेच लोक करत नाहीत. विमानतळावरच्या कस्टम कक्षात वस्तू दाखवून निर्यात प्रमाणपत्र घ्यायचं. त्यावर कॅमेऱ्याचा आणि लेन्सचा अनुक्रमांक लिहिला जातो. परतताना कुणी विचारलं तर वस्तू इथूनच गेली होती हे त्या कागदावरून कळतं. सोबत जीएसटी पावतीची प्रत असावी. कॅमेरा सेकंड हँड घेतला असेल, आपल्याकडं बहुतेकांनी तसाच घेतलेला असतो, तर विकणाऱ्याकडून पावती आधीच लिहून घेऊन ठेवावी. कॅमेरा हे आपल्या पोटापाण्याचं साधन आहे, एवढ्यावर सवलत मिळेल असं समजू नये. १९९८ च्या बॅगेज नियमांत परतणाऱ्या भारतीयांना धंद्याची अवजारं आणण्याची सवलत होती. त्यात सुतार, प्लंबर, वेल्डर, गवंडी यांचा उल्लेख होता आणि कॅमेरा, टाइपरायटर यांसारख्या वस्तू नाव घेऊन वगळल्या होत्या.

या प्रमाणपत्रासाठी सामान हातात असावं लागतं, आणि इथं राळेगावहून निघणाऱ्याला एक अडचण येते. नागपूरहून थेट परदेशात जाणारी विमानं मोजकी आहेत. बहुतेकांना मुंबई किंवा दिल्लीहून उडावं लागतं. नागपूरलाच पेटी शेवटच्या मुक्कामापर्यंत चेक-इन केली तर मुंबईच्या कस्टमला दाखवायला ती तुमच्या हाती नसते. शिवाय देशांतर्गत वेगळं तिकीट काढलं असेल तर चेक-इन सामानाची मुभा साधारण पंधरा किलोच, पुढच्या आंतरराष्ट्रीय तिकिटावर ती तेवीस असली तरी. म्हणून पैसा कमी असेल तर मी रेल्वे सुचवेन. वर्ध्याहून किंवा धामणगावहून संध्याकाळी विदर्भ एक्स्प्रेस धरली की सकाळी मुंबई. स्लीपर आणि थ्री टायर एसीला चाळीस किलोपर्यंत सामान मोफत नेता येतं. पेटी बर्थखाली साखळीनं बांधावी, बॅग उशाशी घ्यावी. विमानतळावर पोचल्यावर सगळं सामान तुमच्याकडं असतं आणि विमानकंपनीच्या काउंटरआधी कस्टमकडं जायला वेळही असतो. त्यासाठी नेहमीपेक्षा दोन-एक तास आधी पोचायचं.

वजनाचा प्रश्न पुढं येतो. इकॉनॉमीत हातातल्या बॅगेची मुभा बऱ्याच कंपन्यांत सात किलो आणि चेक-इन पेटी साधारण तेवीस किलोची. एका पेटीत बत्तीस किलोच्या वर सहसा कुठलीच कंपनी घेत नाही, मग तुम्ही कितीही शुल्क भरायला तयार असा. कापसाची गाडी काट्यावर चढवण्याआधी शेतकरी घरीच अंदाज घेतो, तसं पेटी घरी तोलूनच निघावं. सात किलोंत काय बसवायचं याचा क्रम मी असा लावतो: कॅमेरा बॉडी, सगळ्यात महागडी लेन्स, सगळ्या बॅटऱ्या, हार्ड डिस्क आणि मेमरी कार्डं. पेटी हरवली तरी चित्रीकरण सुरू होऊ शकतं इतकं हाती असलं पाहिजे. स्टँड, जड ट्रायपॉड, लाइट, सॉफ्टबॉक्स या वस्तू तिथं भाड्यानं घ्याव्यात. अशा जड आणि त्यामानानं स्वस्त वस्तू विमानानं नेण्यात काही अर्थ नाही. फाळक्यांनीही दिवे आणले नव्हते. उलट स्वतःच्या हाताला सवय झालेला कॅमेरा बदलू नये, परक्या देशात परक्या कॅमेऱ्याचा मेनू शोधत बसणं महागात पडतं. एक लक्षात ठेवायचं की परदेशातली भाड्याची दुकानं क्रेडिट कार्डावर मोठी अनामत अडवून ठेवतात आणि कित्येकदा विम्याचं प्रमाणपत्र मागतात. आपल्या सामानाचा विमा भारताबाहेरही लागू आहे ना, हे पॉलिसीत वाचून घ्यावं.

बॅटरीचा नियम मात्र जगभर जवळपास सारखा आहे, आणि त्यामागचं कारण समजलं की तो पाठ करावा लागत नाही. लिथियम बॅटरीत शॉर्ट झालं की ती स्वतःच तापत जाते, आणि विमानाच्या पोटातल्या सामानात लागलेली आग हातानं विझवता येत नाही. प्रवाशांच्या कक्षात निदान ती दिसते आणि कर्मचारी तिला पाण्यात बुडवू शकतात. म्हणून सुट्या बॅटऱ्या नेहमी हातातल्या बॅगेत, चेक-इन पेटीत कधीच नाहीत. शंभर वॅट-तासांपर्यंत सहसा अडचण नसते. शंभर ते एकशेसाठच्या दरम्यान विमानकंपनीची परवानगी लागते आणि अशा दोनच सुट्या नेता येतात. त्यावर प्रवासी विमानात बंदी. वॅट-तास काढणं सोपं: व्होल्ट गुणिले अँपिअर-तास. १४.४ व्होल्ट आणि ६.८ अँपिअर-तासांची व्ही-माउंट बॅटरी सुमारे ९८ भरते. बाजारात ९८ चाच आकडा इतका दिसतो तो या सीमेमुळं. २०,००० एमएएचची पॉवर बँक ३.७ व्होल्टनं गुणली की ७४. आकडा बॅटरीवर छापलेला दिसला पाहिजे. पुसला गेला असेल तर तपासणी करणारा माणूस ती बाजूला काढू शकतो, आणि त्याचं चूक नाही. टोकांना चिकटपट्टी लावावी, प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत घालावी.

ड्रोनबद्दल थोडक्यात सांगतो: जिथं जाणार तिथं परवानगी मिळाल्याचा लेखी कागद हातात नसेल तर तो घरी ठेवावा. मोरोक्कोसारख्या देशांत तो सीमेवरच जप्त होतो.

तांत्रिक बाजूचा एक मुद्दा नवख्यांना दगा देतो. आपल्याकडं वीज २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ. जपानात १०० व्होल्ट, आणि तिथं पूर्व भागात ५० तर पश्चिम भागात ६० हर्ट्झ. चार्जर बहुतेक १०० ते २४० व्होल्ट चालवतात, तसं त्यावर छापलेलं असतं, तेव्हा फक्त पिनेचा अडॅप्टर लागतो. पण हर्ट्झचा परिणाम चित्रावर होतो. ५० हर्ट्झच्या दिव्यांखाली आपण शटर १/५० ठेवतो. तेच अमेरिकेतल्या हॉलमध्ये ठेवलं तर दिव्यांचं लुकलुकणं पट्ट्यांच्या रूपात चित्रात उतरू शकतं. तिथं १/६० ठेवायचं. लग्नाचा हॉल, एकच संधी, आणि हे घरी परतल्यावर मोठ्या पडद्यावर कळणं याहून वाईट काही नाही. पोचल्या दिवशीच खोलीतल्या दिव्याखाली दोन मिनिटं चित्रीकरण करून पाहावं.

व्हिसाचं सांगायला हवं, कारण इथं बचत करू पाहणारे सगळ्यात जास्त अडकतात. पर्यटक व्हिसावर पैसे घेऊन चित्रीकरण करणं बहुतेक देशांत काम करणंच समजलं जातं. छोट्या कॅमेऱ्यानं रस्त्यावर चित्रण करणाऱ्याकडं कुणी पाहत नाही. ट्रायपॉड उभा राहिला, माइकचा लांब दांडा निघाला, की परवाना विचारला जातो. बोलावणाऱ्यांकडून कामाचं स्वरूप, दिवस आणि कोण पैसे देतं हे लिहिलेलं पत्र आधीच मागवावं. व्हिसाच्या अर्जालाही ते लागतं आणि विमानतळावरच्या प्रश्नांनाही.

फाळके १९१४ मध्ये पुन्हा लंडनला गेले. या वेळी सोबत ‘राजा हरिश्चंद्र’, ‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘सत्यवान सावित्री’ हे चित्रपट होते. तिथल्या जाणकारांनी ते पाहून वाखाणले आणि हेपवर्थ यांनी त्यांना इंग्लंडमध्येच चित्रपट करण्याचं आमंत्रण दिलं. ते नाकारून फाळके परतले. पण त्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं, मुंबईत पैसे घालणाऱ्यांनी हात आखडता घेतला, आणि नव्या यंत्रसामग्रीवर उभे राहिलेले त्यांचे बेत कोलमडले. पहिल्या प्रवासात सगळा हिशेब त्यांच्या स्वतःच्या हातात होता. दुसऱ्यात तो दुसऱ्यांच्या पैशांवर आणि युरोपच्या राजकारणावर अवलंबून होता. आजच्या मुलांनी म्हणूनच ग्राहकाकडून प्रवास आणि सामानाच्या खर्चाची आगाऊ रक्कम निघण्याआधी खात्यात जमा करून घ्यावी. परतल्यावर मिळतील या भरवशावर कर्ज काढून जाऊ नये. विमानं रद्द होतात, लग्नं पुढं ढकलली जातात.

परतीच्या वेळी चित्रीकरणाच्या दोन प्रती असाव्यात आणि त्या दोन वेगळ्या बॅगांत, शक्य असेल तर दोन वेगळ्या माणसांकडं. डिजिटल कार्डांना विमानतळावरच्या एक्स-रेनं काही होत नाही. कुणी हौसेनं फिल्मवर काम करत असेल तर त्यानं ती चेक-इन पेटीत टाकू नये, तिथली यंत्रं जास्त तीव्र असतात, ती हातानं तपासायची विनंती करावी. भारतात उतरल्यावर निर्यात प्रमाणपत्र खिशात वरच ठेवावं. तिथं नवी लेन्स घेतली असेल तर ती लाल मार्गानं जाऊन जाहीर करावी, पावतीसकट. कार्नेट असेल तर पिवळ्या पानावर परतीचा शिक्का घेतल्याशिवाय विमानतळ सोडू नये, आणि घरी आल्यावर ते मुदतीत फिक्कीकडं परत करावं, तेव्हाच हमी मोकळी होते.